दोन झेंड्यांच्या मध्ये

बारा वर्षं मी माझ्या बहिणीची पाठ बघत आलोय. ती व्यावसायिक सायकलपटू आहे आणि मी तिचा मेकॅनिक. शर्यत सुटते, ती पुढे जाते, मी मागे राहतो. मग अवजारांची पेटी गाडीत टाकून आडवाटेने पुढच्या थांब्यावर पोचतो, तिथे ती दहा सेकंद समोरून दिसते आणि पुन्हा पाठ. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून पडलेलं नाव आहे, आणि तेहतिसाव्या वर्षीही ते बदलायची वेळ आलेली नाही.

नातेवाईक विचारतात की हे ग्रॅव्हल म्हणजे नक्की काय. मी सांगतो, खडीच्या, मुरमाच्या कच्च्या रस्त्यावरची सायकल शर्यत. दीडशे किलोमीटर. मग ते विचारतात की चांगले डांबरी रस्ते असताना खडीवरून कशाला. हौसेला मोल नाही, एवढं म्हणतो आणि विषय बदलतो. पण एक गोष्ट प्रत्येकाला सांगावीच लागते, नाहीतर आमचा धंदा कळत नाही. डांबरी शर्यतीत स्पर्धकांच्या मागे मेकॅनिकची गाडी असते. चाक फुटलं की माझ्यासारखा कुणीतरी उडी मारून उतरतो, दुसरं चाक बसवतो आणि पाठीला धक्का देऊन रवाना करतो. ग्रॅव्हलमध्ये असले लाड नाहीत. जे लागेल ते स्वतःबरोबर वाहायचं. सीटखाली एक पिशवी, त्यात एक ट्यूब, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या आणि हवा भरायला गॅसची एक नळकांडी; पाठीच्या खिशात दुसरी नळकांडी आणि भोकं बुजवायला रबरी बुचं. संपला संसार.

मदत करायची तर ठरलेल्या थांब्यांवर, आणि थांबा म्हणजे रस्त्याकडेला रोवलेले दोन झेंडे. त्यांच्या मध्ये मी तिला अख्खी सायकल बदलून देऊ शकतो. झेंड्याच्या बाहेर पाण्याचा घोट दिला तरी ती बाद. दुसऱ्या स्पर्धकाने दयेपोटी काही दिलं तर चालतं. मी दिलेलं चालत नाही. सख्खा भाऊ असलो तर मुळीच नाही.

ज्या शर्यतीचं सांगतोय ती तिच्यासाठी नेहमीसारखी नव्हती. तिचा करार त्या मोसमाबरोबर संपत होता. संघाच्या मॅनेजरने महिन्यापूर्वी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की पहिल्या दहांत आलीस तर पुढच्या वर्षाचं बोलू. नाही आलीस तर काय, हे त्याने सांगितलं नाही, पाण्याचा ग्लास उचलला. ते आम्हाला ठाऊकच होतं. चष्म्याचं दुकान. सायकलच्या आधी चार वर्षं ती तिथे लोकांचे डोळे तपासायची, बिनखिडकीच्या खोलीत, वरची ओळ वाचा, आता खालची ओळ वाचा. दुकानदार भला माणूस आहे. तुझं स्टूल अजून रिकामं आहे म्हणून वर्षातून एकदा निरोप पाठवतो. तो निरोप आला की भिंगरी दोन दिवस नीट जेवत नाही.

या शर्यतीचा मार्ग आखतात ते गृहस्थ निवृत्त भूमापक आहेत. सत्तरी ओलांडली आहे, हातात काठी, पायात जाड बूट, आणि सगळा मार्ग ते दर वर्षी पायी चालून ठरवतात. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, कारण संधी मिळाली की ते तास घेतात. शर्यतीच्या आदल्या सकाळी सगळ्यांना गोळा करून खरा ग्रॅव्हलचा रस्ता कोणता यावर त्यांचं व्याख्यान होतं, आणि दर वर्षी मी मागच्या बाकावर बसून ते ऐकतो. त्यांचं म्हणणं असं की खरा रस्ता शर्यतीसाठी बनवलेला नसतो. तो कुणाच्या तरी कामाचा असतो, खाणीचा, कालव्याचा, लाकडाच्या वखारीचा. त्यावर निवड करावी लागली पाहिजे. डावीकडे चाकांनी दाबलेली चाकोरी असेल तर उजवीकडे सुटी खडी हवी, आणि कुठून जायचं हे तुमचं तुम्हाला डोळ्यांनी वाचता आलं पाहिजे. आणि मागच्या वर्षीची हुशारी यंदा उपयोगी पडता कामा नये. रस्ता हलला पाहिजे, मास्तर म्हणतात, जो हलत नाही तो रस्ता मेला. मग काठी आपटून शेवटचं वाक्य: तिथे तुम्ही आणि तुमची पिशवी, बाकी कुणी नाही. मला हे सगळं पटायचं. अजूनही बरंचसं पटतं, ही खरी अडचण आहे.

व्याख्यान झाल्यावर दुपारी आम्ही दोघं मार्गाचा शेवटचा भाग बघून आलो. दुसरा थांबा एका कोरड्या ओढ्याच्या काठी होता. तिथून रस्ता लहानशा पुलावरून पलीकडे जातो आणि जुन्या खाणीच्या टेकडीवर तीन वळणांनी चढतो. ही चढण मागच्या वर्षी भल्याभल्यांना रडवून गेली होती. यंदा बघतो तर खाणवाल्यांनी त्यावर रोलर फिरवलेला. भिंगरी एका दमात वर जाऊन खाली आली आणि म्हणाली की हा तर डांबरी रस्त्याचा चुलतभाऊ आहे. तिला आता उंच कडेची रिम हवी होती. उंच रिम हवा कापते, सपाटीवर वेग देते. बसकी रिम मार खाते, पण घरी आणते. मी बसकी लावली होती.

मी म्हटलं की मास्तरांच्या रस्त्याचा भरवसा नाही, आज हा दिसतोय, उद्या दुसरा दिसेल. ती म्हणाली की पहिल्या दहांत यायचं तर उद्या वेग लागणार आहे, सावधपणा नाही. शब्दाने शब्द वाढला. ती म्हणाली, पाय माझे आहेत. मी म्हटलं, आणि चाकं माझी. हे वाक्य मी किती मोठ्याने बोललो ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मग मी तोंडाला कुलूप लावलं.

माझा हा जुना रोग आहे. मला राग आला की मी बोलत नाही, काम करतो, आणि ते काम समोरच्याला दिसावं म्हणून करतो. खोलीवर आल्यावर मी पाने आपटत बसक्या रिमची चाकं काढली आणि उंच रिमची चढवली. टायर तपासला, ब्रेक तपासले, चाक फिरवून कानाशी धरलं. सगळं दोनदा केलं, आणि दोन्ही वेळा मनात एकच चाललं होतं की बघ, तुझंच खरं केलं, आता समाधान झालं का. ती पलंगावर पाय वर करून पडली होती आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. त्यामुळे मी तिसऱ्यांदा पण तपासलं.

आमच्या कामात एक नियम आहे आणि तो मी कैक नवशिक्या मेकॅनिकांना शिकवला आहे, एकाला तर रडेपर्यंत. चाक बदललं की पिशवी बदलायची. एरवी आमच्या टायरमध्ये ट्यूब नसतेच. आत पांढरा चीक असतो, तो बारीकसारीक भोकं आपोआप बुजवतो. पण टायर मोठा कापला गेला तर चीक आणि बुचं हात टेकतात, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून आत ट्यूब घालतात. त्या ट्यूबची हवा भरायची नळी रिमच्या भोकातून बाहेर यावी लागते. बसक्या रिमला आखूड नळी पुरते, उंच रिमला लांब लागते. आखूड नळीची ट्यूब उंच रिमला घातली तर नळी आतल्या आत राहते, टोक बाहेर येत नाही, आणि हवा भरायला जागाच उरत नाही. हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. मी चाकं बदलली. पिशवीला हात लावला नाही.

सकाळी सुरुवातीच्या रेषेकडे जाताना तिने विचारलं, "पिशवी बघितलीस ना, दादा?"

मी म्हटलं, "मला शिकवू नकोस."

ती हसली. तिला वाटलं असावं की मी बोललो म्हणजे राग गेला. आणि तसा तो गेलाही होता, फक्त वाक्य आदल्या दिवशीचं तोंडात राहिलं होतं.

पहिले शंभर किलोमीटर तिने असे काढले की मी थांब्यावर उभा राहून फोनवर तिचा आकडा बघताना शीळ घालत होतो. प्रत्येक स्पर्धकाच्या सायकलला एक यंत्र असतं, त्यामुळे नकाशावर तिचा ठिपका सरकताना दिसतो. आई घरी तोच ठिपका बघत बसते. ती सातवी होती. दुसऱ्या थांब्यावर आली तेव्हाही सातवीच, आणि सहावी तिच्या पुढे पन्नास पावलांवर. मी पळत पळत बाटली दिली, खायचं दिलं, ती म्हणाली की चाकं काय पळतायत, दादा. एवढंच. मला वाटलं की आपण उगाच भांडलो. ती पूल ओलांडून गेली आणि मी बाटल्या आवरायला लागलो.

मास्तर थांब्यावरच होते. ते खुशीत येऊन म्हणाले की काल संध्याकाळी खाणीतून भरलेले ट्रक गेले, दुसऱ्या वळणावर ताजी खडी सांडली आहे, आता खरी गंमत. मी त्यांच्याकडे बघितलं. जुनी खडी गोल झालेली असते, चाकांनी घासून घासून शहाणी झालेली. ताज्या फोडलेल्या खडीला धार असते. मास्तरांचा रस्ता हलला होता.

मी मान वर केली तेव्हा ती दुसऱ्या वळणावर उतरलेली होती.

ओढ्याच्या अलीकडून ती टेकडी पूर्ण दिसते. सरळ रेषेत दोनशे पावलं असतील, रस्त्याने गेलं तर किलोमीटरभर. तिने सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवलं, एका जागी बोट ठेवलं. बुच लावतेय, मी मनात म्हटलं, एक मिनिट जाईल, सातवीची आठवी होईल, काही बिघडत नाही. तिने पाठीच्या खिशातून काढून बुच लावलं, हवा मारली, कान जवळ नेला. दुसरं बुच लावलं. पुन्हा हवा. मग तिने ती रिकामी नळकांडी खिशात टाकली आणि सीटखालच्या पिशवीची चेन ओढली.

चेनचा आवाज मला ऐकू आला असं मी म्हणणार नाही. एवढ्या लांबून येतही नाही. पण ती चेन उघडली. आत काय आहे ते मला एकदम दिसलं. आखूड नळीची ट्यूब, मीच घडी घालून रबराने बांधलेली.

मी पेटी उपसली. उंच रिमसाठी पितळेची एक जोडनळी मिळते, करंगळीच्या पेराएवढी. आखूड नळीच्या टोकावर ती फिरवून बसवली की झालं. माझ्याकडे चार होत्या. त्यातली एक मुठीत धरून मी झेंड्यापर्यंत गेलो आणि तिथे थांबलो.

तिने चाक काढलं. टायरची एक बाजू पट्टीने उचकटली, आतला चीक निथळू दिला, बोट फिरवून काचबिच नाही ना ते पाहिलं. कापल्या जागी आतून खाऊच्या रिकाम्या पाकिटाचा तुकडा लावला. मी शिकवलं होतं तसंच, घाई न करता. ट्यूब आत सरकवली, टायरची कड अंगठ्याने पुन्हा बसवत आणली. चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं मी बघत होतो आणि मला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं. कुणी माणूस पायऱ्या उतरतोय आणि शेवटची पायरी नाहीये हे आपल्याला दिसतंय, असं काहीतरी. ओरडावं तर काय ओरडावं? ओरडून नळी लांब होत नाही.

शेवटी तिने गॅसची नळकांडी हातात घेतली आणि रिमवर वाकली. तशीच वाकून राहिली. मग चाक मांडीवर घेऊन तिने बोटाने ते भोक चाचपलं. टायर एका बाजूने सोडून नळी बाहेर दाबून बघितली. पुन्हा बसवून बघितली. मग हात थांबले.

तिने मान वर करून थांब्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे. मी हात वर केला. मुठीत जोडनळी होती आणि मी ती वर धरून तिला दाखवत होतो, जणू काही दाखवल्याने ती पलीकडे पोचणार होती. यापेक्षा मूर्खासारखं मी आयुष्यात काही केलेलं नाही.

आठवी गेली. नववी गेली. दहावी वळणावर आली तेव्हा भिंगरीने उभं राहून हात केला. त्या मुलीने वेग कमी केला, काहीतरी बोलली, मान हलवली आणि गेली. मी तिला दोष देत नाही. तिच्याकडेही एकच ट्यूब, आणि पुढे पन्नास किलोमीटर तीच खडी. माझी बहीण तिच्या जागी असती तर तीही गेली असती. अकरावी आणि बारावी जोडीने गेल्या. भिंगरीने त्यांना हात केला नाही, रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसली.

माझा फोन वाजला. आई होती.

"तिचा ठिपका थांबलाय रे," आई म्हणाली.

मी म्हटलं की टेकडीच्या आड नेटवर्क जातं कधी कधी.

"तू बघतोयस ना पण तिच्याकडे?"

मी म्हटलं, बघतोय. हे तेवढं खरं होतं.

थांब्यावर पंच म्हणून एक बाई होत्या. गळ्यात शिट्टी, हातात पाटी आणि कागद. एरवी कुठल्याशा शाळेत खेळ शिकवतात. त्या बराच वेळ माझी मूठ बघत होत्या, मग जवळ येऊन त्यांनी विचारलं की काय कमी पडलंय. मी हात उघडून दाखवलं. त्यांनी ती जोडनळी बघितली, टेकडीकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं.

"मी बघितलं तर मला लिहावं लागतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण मला तहान लागली आहे. पाणी तिकडे तंबूत आहे. मी पाच मिनिटं तिकडे जाते."

आणि त्या खरोखरच गेल्या. पाठ करून गेल्या.

ती पाच मिनिटं मी अजून चघळतोय. ओढा कोरडा होता. उतरून पलीकडे चढायला मला चार मिनिटं लागली असती, वाटेत कुणी नव्हतं. मी एक पाय झेंड्याच्या पलीकडे टाकलासुद्धा. मग मी हिशेब करत बसलो. मागून पंचांची मोटारसायकल आली तर? मागून येणाऱ्या कुणी सांगितलं तर? तीन वर्षांपूर्वी एका चढावर एका प्रेक्षकाने तिच्या पाठीला हात लावून तिला ढकललं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. शर्यत संपल्यावर ही स्वतः पंचांकडे जाऊन सांगून आली आणि हातात आलेलं तिसरं स्थान घालवून बसली. मी तेव्हा तिच्यावर चिडलो होतो आणि सगळ्या मेकॅनिकांना अभिमानाने सांगतही सुटलो होतो. अशा बहिणीकडे मी चोरून जोडनळी घेऊन जाणार? ती घेणारच नाही, मी स्वतःला सांगितलं. आणि अजून वेळ आहे. कुणीतरी थांबेल. पुढच्या दोघीतिघींची चाकं फुटतील, ताजी खडी काही एकट्या भिंगरीवर डूख धरून बसलेली नाही. ती अजून दहावी येऊ शकते. मी गेलो तर तेही जाईल.

मी पाय मागे घेतला. बाई पाणी पिऊन आल्या, मी जागच्या जागी आहे हे त्यांनी बघितलं आणि पाटीवरचा कागद सरळ केला. मास्तरही येऊन शेजारी उभे राहिले. त्यांनाही उशिरा का होईना कळलं होतं. एरवी त्यांना गप्प करायला घंटा वाजवावी लागते, पण त्या दिवशी ते काठीवर हात ठेवून नुसते बघत राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या रस्त्याने त्यांना हवं तेच केलं होतं, आणि काल संध्याकाळपर्यंत मलाही तेच हवं होतं.

ती कठड्यावर बसलेली होती. अधूनमधून इकडे बघत होती. मी प्रत्येक वेळी हात वर करत होतो. मला वाटत होतं की मी तिला धीर देतोय. धर, मागून कुणीतरी येईल, असं मी त्या हाताने म्हणत होतो. मध्ये एकदा ती उभी राहिली, कठड्याच्या अगदी कडेला आली, आणि थोडा वेळ तशीच उभी राहून पुन्हा बसली. मी ते पायात गोळा आला असेल म्हणून समजलो. बसून राहिलं की येतो.

सत्तावीस मिनिटांनी हौशी स्पर्धकांचा पहिला जथा आला. ते आमच्या मागून सुटतात. त्यातले पुढचे पाचसहा तिच्याकडे न बघताच गेले. मग साठीच्या एक बाई आल्या, सायकलला पुढे पिशवी, मागे पिशवी, मधल्या दांड्यालाही पिशवी, अख्खा संसार बरोबर घेऊन निघालेल्या. त्या थांबल्या. त्यांनी एक एक पिशवी उघडली आणि तिसऱ्या पिशवीतून लांब नळीची ट्यूब काढून दिली. वर भिंगरीला खायला काहीतरी दिलं, आणि तिचं चाक बसेपर्यंत सायकल धरून उभ्या राहिल्या. दोघी मिळून वळणाआड गेल्या. मूठ उघडली तेव्हा माझ्या तळव्यावर जोडनळीचे आटे उमटलेले होते.

शेवटच्या रेषेवर मी दीड तास उभा होतो. दहावी आली ती नववीच्या मागून वीस सेकंदांनी. मॅनेजर तिथेच होता. त्याने घड्याळ बघितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला, नशीब असतं, म्हणाला, आणि त्याला दुसरीकडे जायचं होतं म्हणून गेला. भिंगरी हौशी स्पर्धक धरून त्र्याहत्तरावी आली. त्या साठीच्या बाई तिच्या शेजारीच होत्या. ती शेवटचे पन्नास किलोमीटर त्यांना सोडून पुढे गेलीच नव्हती.

सायकली धुवायला एका बाजूला नळ आणि लाकडी फळ्या टाकलेल्या होत्या. मी तिची सायकल धुवायला घेतली. ती प्लास्टिकच्या उलट्या खोक्यावर बसली, बूट काढले, मोजे काढले. मी पाणी बंद केलं आणि सांगितलं. चाकं बदलली, पिशवी बदलली नाही, रागात होतो, चूक माझी, फक्त माझी. मॅनेजरला मी हेच सांगेन, लिहून देईन, तिला आणखी एक संधी मागेन. एका दमात सगळं बोललो.

ती ऐकत होती. म्हणाली, "तसं कर. काही होणार नाही, पण कर." मग म्हणाली, "नळीचं मला तिथेच कळलं. त्यावरून मी तुझ्यावर चिडलेली नाहीये. मीही चेन उघडून बघू शकले असते सकाळी."

"मग?" मी विचारलं. कारण काहीतरी होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"शर्यत अकरावी आणि बारावी गेल्या तेव्हाच संपली, दादा. माझी तरी. मला ते कळलं होतं."

"मग तू एवढा वेळ तिथे..."

"तुझी वाट बघत होते."

मी म्हटलं की मी झेंडा ओलांडला असता तर तू बाद झाली असतीस.

"झाले असते की," ती म्हणाली. आवाज साधा होता, वेळ विचारल्यावर सांगावी तसा. "मला तू काही आणायला नको होतास. नुसता यायला हवा होतास. बारा वर्षं संपत होती आणि मी एकटी त्या कठड्यावर बसले होते, आणि तू समोर दिसत होतास. तू हात वर केलास, मला वाटलं निघालास. मी उठून उभी राहिले. मग तू तिथेच. मग पुन्हा हात वर केलास."

मी काय बोलणार होतो? की तू तीन वर्षांपूर्वी तशी वागलीस म्हणून मी असा वागलो? की मी तुझं दहावं स्थान राखत होतो? मला खूप काही सांगायचं होतं आणि त्यातलं एकही वाक्य त्या कठड्यापर्यंत पोचणारं नव्हतं. मी पाण्याचा नळ पुन्हा सुरू केला. चाकाला लागलेला पांढरा चीक वाळून घट्ट झाला होता, तो नखाने खरवडत बसलो. ती उठली, अनवाणी माझ्याजवळ आली आणि दुसरं चाक धुवायला घेतलं. मी नको म्हटलं तरी घेतलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईच होती, आणि आई मोठ्याने बोलते, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. पाय दुखतोय का, खाल्लंस का, लागलंबिगलं नाही ना. मग आईने विचारलं की एवढा वेळ त्या टेकडीवर तू एकटीच होतीस का गं.

भिंगरीने ओला हात कपड्याला पुसला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एकटी कुठे, आई," ती म्हणाली. "दादा होता ना."